जिन्याखालचा मीटर

आमच्या वस्तीच्या ग्रुपमध्ये राजकारण फक्त संध्याकाळी सहा ते आठ. हसू नका. हा नियम मी केलाय आणि तीन वर्षं तो टिकलाय. त्याआधी लोक दात घासायच्या आत सरकार पाडायचे आणि ज्या बिचाऱ्याला नळदुरुस्तीवाल्याचा नंबर हवा असायचा, त्याचा निरोप त्या राड्यात बुडून जायचा. आता दोन तास काय ते भांडा, आठला दुकान बंद.

ॲडमिन मी. मला कुणी निवडून दिलेलं नाही, ग्रुप मी काढला म्हणून ॲडमिन मी. घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे, सहा गल्ल्यांतली निम्मी डोकी माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं नाव पुढे आलंच नाही. तीनशे अठरा माणसं आहेत. तीनशे अठरा! लग्नाला एवढी येत नाहीत.

नियम तसे चार-पाच आहेत, पण पहिला एकच महत्त्वाचा. कुणाच्या घरातली गोष्ट ग्रुपात काढायची नाही. काढली तर समज नाही, दंड नाही, सरळ बाहेर, कायमचं. या नियमाखाली मी माझ्या सख्ख्या नणंदेला काढलंय. तिने शेजारच्या मुलीचं मोडलेलं लग्न चघळायला घेतलं, मी तिला काढली, आणि ती वर्षभर माझ्याशी बोलत नाही. त्या वर्षाबद्दल माझी काही तक्रार नाही, पण ते असो.

सांगायचंय ते माझ्या सासऱ्यांबद्दल. ते वीज कंपनीत मीटर वाचायचे. सव्वीस वर्षं वही घेऊन दारोदार फिरले आणि दारोदार बोलले. घरी आले की जेवताना बोलायचे, हात धुताना बोलायचे, झोपेत बोलायचे असं सासूबाई सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून घरघर आवाज आला तो ऐकून त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘हा मी नाही’, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र परत करून आले. त्या दिवसापासून पाटी आणि पेन. ती हल्ली मिळते तसली पाटी, बटण दाबलं की पुसली जाते.

पण पाटीवर बोलणं म्हणजे काय, ते जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. ते लिहीपर्यंत समोरच्याचा विषय बदललेला असतो. माणूस ‘हं हं’ म्हणत उभा असतो आणि त्याचे पाय आधीच निघालेले असतात. शेवटी मी त्यांना ग्रुपात घेतलं. आणि काय सांगू, माणूस पुन्हा जिवंत झाला! तिथे सगळेच लिहितात, त्यामुळे तिथे कुणी मुकं नाही. महिनाभरात ते अख्ख्या वस्तीचे मीटरकाका झाले. बिल जास्त आलं, मीटरकाकांना विचारा. पंखा किती खातो, मीटरकाकांना विचारा. सकाळी सातला त्यांची पहिली पोस्ट आणि संध्याकाळी सहाला बाह्या सरसावून राजकारण. ग्रुप हाच त्यांचा घसा होता. तो काढला तर माणसाकडे काही उरणार नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

झालं असं की वीज कंपनीचा मेसेज आला. महिनाअखेरपर्यंत सगळ्यांकडे नवे मीटर बसणार. वाचायला माणूस येणार नाही, मीटर आपणहून दर अर्ध्या तासाने कंपनीला आकडा कळवणार.

ग्रुपात आग लागली. चौथ्या गल्लीतल्या नर्सबाईंनी लिहिलं, कंपनीला फोन लावला तर पाऊण तास ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ऐकलं, आता ती चाल मी वॉर्डात गुणगुणते. कुणी म्हणालं हा कायदा आत्ताच्या सरकारने आणला, कुणी म्हणालं नाही, आधीच्यांनी आणला, यांनी फक्त फीत कापली. कुणी म्हणालं मी मीटर बसवूच देणार नाही, माझं घर आहे. त्यावर कोपऱ्यावरचे औषधवाले उतरले. औषधवाले स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांना सगळं आधीच पटलेलं असतं. त्यांनी लिहिलं, ‘कर नाही त्याला डर कशाला? लपवण्यासारखं काही नसेल तर कळू दे की कंपनीला.’

सासरे तीन दिवस या एका वाक्याशी झुंजले. त्यांचं म्हणणं, लपवणं वेगळं आणि आपल्यापाशी ठेवणं वेगळं. आंघोळ करताना आपण दार लावतो ते काय चोरी करतो म्हणून? मला तर ते वाक्य फार आवडलं होतं, पण ॲडमिनला मत नसतं, म्हणून मी गप्प. रविवारी संध्याकाळी औषधवाल्यांनी लिहिलं, ‘मीटरकाका, आकड्यांवरून कुणाला काय कळणार, डोंबल? उदाहरण द्या एखादं.’

मागितलं उदाहरण, आणि यांनी दिलं.

मी तेव्हा एका बाईंच्या केसांना रंग लावत होते. दोन्ही हातांत मोजे, मोज्यांना काळा रंग, फोन आरशापाशी उताणा. फोन थरथरला, मी मान वाकडी करून वाचायला लागले.

‘सव्वीस वर्षं मी महिन्यातून एकदाच आकडा बघितला,’ सासऱ्यांनी लिहिलं होतं, ‘आणि तेवढ्यातही घर कळायचं. नाव सांगत नाही, घर नंबर सांगत नाही. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसरी गल्ली, जिन्याखालचा मीटर. नवरा-बायको दोघं सकाळी बाहेर जाणारे. दोन महिन्यांत आकडा दीडपट. मी म्हटलं, दिवसा कुणीतरी घरी बसतंय. पुढच्या वेळी भर दुपारी दार नवऱ्यानेच उघडलं. अंगावर इस्त्रीचा शर्ट, कमरेला पट्टा, आणि ऑफिसच्या वेळेला घरात. नोकरी गेली होती. बायकोला सांगितलं नव्हतं. सकाळी डबा घेऊन निघायचा, ती शाळेत शिकवायला गेली की परत यायचा. हात जोडून म्हणाला, बोलू नका. मी आजपर्यंत बोललो नाही. पण माणसाला हात जोडता येतात, या नव्या मीटरला कसे जोडणार?’

सासऱ्यांना वाटलं, नाव झाकलं म्हणजे सगळं झाकलं. कारण त्यांच्या डोक्यात माणसं नावाने नसतातच. कुठलंही घर सांगा, ते म्हणणार, दाराच्या डावीकडे मीटर, काच तडकलेली. किंवा, गच्चीवर मीटर, कुत्रा चावरा. ज्याला तिथे जाऊन आकडा वाचायचाय त्यालाच लागणारा पत्ता तो. म्हणून नाव आणि नंबर खोडताना ‘जिन्याखालचा मीटर’ हा त्यांना पत्ता वाटलाच नाही. आणि अख्ख्या तिसऱ्या गल्लीत मीटर भिंतीवर आहेत. जिन्याखाली एकच.

चार मिनिटं. चौथ्या मिनिटाला कुणीतरी लिहिलं, ‘म्हणजे आपले झेरॉक्सवाले??’ दोन प्रश्नचिन्हं घातली होती मेल्याने. पाठोपाठ कुणी, ‘अहो, बाई ग्रुपात आहेत!’ बाई म्हणजे भूगोलाच्या बाई, झेरॉक्सवाल्यांची बायको. माझी स्वतःची मुलगी त्यांच्याकडे नकाशे शिकलीय.

मी मोजे ओढून काढले, त्या नादात आरशावर रंग उडाला, आणि पोस्ट उडवली. काय उपयोग? तोवर दोनशे जणांनी वाचली होती. मग औषधवाल्यांनी लिहिलं, ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान. ॲडमिन, नियम सगळ्यांना सारखा ना?’ त्याखाली अंगठेच अंगठे.

आतल्या खोलीत सासरे फोन हातात धरून बसले होते. त्यांनी पाटी माझ्यापुढे केली. ‘नाव लिहिलं नव्हतं.’

‘जिन्याखाली एकच मीटर आहे, बाबा! एकच!’ मी ओरडले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले.

ते डोळे मिटून बहुधा मनातल्या मनात ती गल्ली चालून आले असावेत, एकेक मीटर मोजत. पाटी त्यांनी मांडीवर उलटी ठेवली. उचलली जीभ लावली टाळ्याला असं आपण दुसऱ्यांना म्हणतो, इथे तर बिचाऱ्यांकडे बोलायला आवाजही नव्हता, आणि तरी व्हायचं ते झालंच.

मी त्यांना त्या संध्याकाळी ग्रुपमधून काढलं नाही. खरं सांगते, हात धजावला नाही. ‘उद्या बाईंना भेटून ठरवते’ असं ग्रुपात लिहिलं आणि फोन पालथा घातला. आमच्या ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, ‘तू ॲडमिन, तू बघ.’ नेहमीचंच. वडील यांचे, बघायचं मी!

सोमवारी पार्लर बंद असतं. बाई शाळेतून येतात त्या वेळेला मी सासऱ्यांना घेऊन निघाले. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि पाटी छातीशी धरली होती. तिसऱ्या गल्लीत शिरताना त्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही, खाली बघत चालले.

दार बाईंनी उघडलं. झेरॉक्सवाले दुकानात होते. टेबलावर सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा, लाल पेन टोपण काढून तसंच. बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी आणलं. मी जे पाठ करून आले होते ते सगळं विसरले आणि नुसतंच म्हणाले, ‘बाई, फार मोठी चूक झाली आमच्याकडून. तुम्हाला हे असं कळायला नको होतं.’

‘मला माहीत होतं,’ बाई म्हणाल्या.

मी सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी माझ्याकडे.

‘विजेचं बिल मीच भरते,’ बाई म्हणाल्या. ‘काकांना आकड्यावरून कळलं, तर मला नाही कळणार? दुसऱ्याच महिन्यात कळलं. मग एक दिवस मी मधल्या सुट्टीत घरी येऊन खिडकीतून बघून गेले. हे खुर्चीवर बसून डबा खात होते. बूट घातलेले, घरात. मी तशीच शाळेत परत गेले.’

‘आणि बोलला नाहीत?’

‘काय बोलायचं? त्यांना वाटत होतं, आपण मला वाचवतोय. त्याच आधारावर ते उभे होते. मी रोज डबा भरायचे, संध्याकाळी रिकामा डबा घासायचे. सात महिने. मग त्यांनी दुकान काढलं आणि मला म्हणाले, नोकरी सोडली, आता स्वतःचं करणार. मी म्हटलं, बरं केलंत.’ बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. ‘आठ वर्षं छान चाललं होतं हो. काल त्यांनी विचारलं, तुला माहीत होतं? मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही. गप्प बसता येतं, खोटं नाही बोलता येत.’

‘मग?’

‘मग काही नाही. जेवले, झोपले. सकाळी मी डबा भरला तर म्हणाले, नको, मी बाहेर खाईन.’ त्यांनी पेपरांचा गठ्ठा सरळ केला. ‘नोकरी गेली होती हे जगाला कळलं, त्याचं त्यांना फारसं काही नाही. मला माहीत होतं, हे त्यांना कळलं ते सोसवत नाहीये.’

मला रडूच आलं. मला रडायला फार लागत नाही, पण हे वेगळं होतं. सासऱ्यांनी पाटी घेतली आणि लिहायला लागले. बारीक अक्षर काढून काढून लिहीत होते, मध्ये पुसत होते, पुन्हा लिहीत होते. चांगली चार-पाच मिनिटं गेली असतील. मी दोनदा म्हणाले, ‘बाबांना म्हणायचंय की…’ बाईंनी हाताने मला थांबवलं. पेपर लिहिणाऱ्या मुलाची वाट बघावी तशा त्या स्वस्थ बसून राहिल्या. मग पाटी घेऊन त्यांनी वाचली, वरपासून खालपर्यंत, परत एकदा वाचली. काय लिहिलं होतं ते मला दिसलं नाही आणि मी विचारलं नाही.

‘काका,’ त्या म्हणाल्या, ‘मीटरबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी तर तुमच्याच बाजूची होते.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘पण त्यांना काढा ग्रुपमधून. रागाने सांगत नाहीये. रोज सकाळी सातला यांची पोस्ट आली की आमचे हे फोन बघणार आणि त्यांना तेच आठवणार. थोडं विसरू द्या त्यांना.’

मी हात जोडले. ‘बाई, दुसरी काहीही शिक्षा द्या. त्यांना बोलायला दुसरी जागाच नाही हो.’

‘तुमच्या घरात चार माणसं आहेत ना?’ बाई म्हणाल्या.

बस्स, एवढंच. पण घरी येईपर्यंत ते वाक्य मला टोचत होतं. कारण ग्रुपात मी त्यांना का घेतलं होतं? मोठ्या मनाने? छे! दर पाच मिनिटांनी पाटी माझ्या तोंडापुढे यायची आणि माझ्या हातात कात्री असायची, म्हणून घेतलं. किरकिऱ्या पोराच्या हातात खुळखुळा देतात ना, तसा मी त्यांना फोन दिला. तीनशे अठरा माणसं ऐकायला असली की घरातल्या तिघांना ऐकावं लागत नाही, हे सोयीचं गणित माझंच. लाज वाटली मला, उगाच नाही म्हणत.

घरी आल्यावर मी त्यांच्यासमोरच त्यांना काढलं. दुसऱ्या खोलीत जाऊन चोरासारखं करायला नको वाटलं. तीनशे सतरा. त्यांनी स्वतःचा फोन उघडून बघितला. जिथे लिहायचं तिथे आता एक ओळ आली होती की तुम्ही या ग्रुपात नाही. त्यांनी मान हलवली, फोन खिशात ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागावले असते तर परवडलं असतं.

झेरॉक्सवाल्यांचं आणि बाईंचं पुढे काय झालं ते मी सांगणार नाही. नियम पहिला. तुम्ही म्हणाल, एवढं सगळं तर सांगितलंस बाई, आता काय सोवळं? तर जे सांगितलं ते बाईंना विचारून सांगितलं. आणि तो मीटर जिन्याखाली नाहीये. गल्लीही तिसरी नाही. शोधत बसू नका.

मंगळवारी सकाळी सात वाजता सासरे टेबलाशी येऊन बसले. समोर चहा, हात मोकळे. खिडकीतून बाहेर बघत होते. हे कामावर गेले होते, मुलगी आवरत होती. मला साडेसातला पहिलं गिऱ्हाईक होतं. मी माझा कप घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘बाबा, औषधवाल्यांना आज काय लिहिणार होतात?’

त्यांनी संशयाने बघितलं. मग पाटी ओढली. बराच वेळ लिहीत होते. मी घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न केला, दोनदा बघितलंच. पाटी माझ्याकडे आली. काठोकाठ भरलेली. जुना मीटर माणूस वाचतो, माणसाला पोट असतं, दया असते, विसरही असतो. म्हणून माणसाने वाचलेलंच बरं, असं काहीसं होतं.

मी ती पूर्ण वाचली. आणि दोन वर्षांत आम्ही घरचे सगळे जे म्हणत होतो, म्हणजे ‘हो बाबा, बरोबर आहे बाबा’, तेच तोंडात आलं होतं. ते मी गिळलं.

‘मला नाही पटलं,’ मी म्हणाले. ‘तुम्ही माणूसच होतात ना? आणि रविवारी कोण बोललं? मीटर की माणूस? माझं विचाराल तर मला नवा मीटर हवाय. निदान तो औषधवाल्यांना उदाहरणं तरी देत नाही.’

त्यांनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, जिव्हारी लागलं, गेले आता आत. पण त्यांचे कान लाल झाले. पूर्वी ह्यांच्याशी भांडताना व्हायचे तसे. त्यांनी पाटी माझ्या हातातून अक्षरशः हिसकावली, बटण दाबून एवढं लिहिलेलं सगळं पुसलं आणि पेन असं दाबून लिहायला लागले की टेबल हललं. मध्येच डावा हात वर करून मला बजावलं, थांब, उठू नकोस, संपलेलं नाही.

पुढच्या दाराची बेल वाजली. एकदा, दोनदा. गिऱ्हाईक आलं होतं.

‘थांबा हो पाच मिनिटं!’ मी बसल्या जागेवरून ओरडले. ‘आमचं भांडण चाललंय!’